बाळंतिणीच्या पाण्याचे भांडण

पुण्याहून निघताना आमच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या. निजामाच्या मुलखात गोड बोलायचे आणि सगळे नीट समजावून सांगायचे. डॉक्टर स्वतः मनमाडच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत.

काम साधे होते. जालन्याकडच्या एका शेतकरी घरातली धाकटी सून बाळंत व्हायची होती. थोरली बाळंतपणातच गेलेली, म्हणून धाकटीच्या नवऱ्याने पुण्याची शिकलेली नर्स मागवली होती.

मनमाडला गाडी बदलली. हद्द ओलांडल्यावर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी पेटी उघडायला लावली. एनिमाचे भांडे काढून त्याने उजेडात धरले.

"ये क्या है, बाई?"

मी शक्य तितक्या स्वच्छ हिंदुस्थानीत सांगितले. त्याने भांडे दोन बोटांनी जागेवर ठेवले आणि बाकीचे सामान न पाहताच मला सोडले. ज्यांना सोने न्यायचे असेल त्यांनी ही युक्ती ध्यानात ठेवावी.

बदनापूर स्टेशनवर सुनेचा नवरा, जगन्नाथराव, बैलगाडी घेऊन उभा होता.

"लई येळ झाला बाई तुमाला. पोरगं झालं कालच."

"मग मी परत जाऊ का?"

"न्हाई न्हाई! तिला ताप चढून राह्यला ना. जल्दी चला."

जल्दी हे त्याचे मत. बैलांचे वेगळे होते. दोन्ही बाजूंना काळे रान, त्यात कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बाया मान वर करून माझ्याकडे पाहत होत्या. रान सुरेख होते. गाडीत माझ्यासाठी कडबा पसरला होता, तरी खालची प्रत्येक फळी मला वेगवेगळी ओळखू येत होती.

घरी सासू, रखमाबाई, दारातच भेटल्या. उंच, काटक बाई. मी आधी जेवावे असा त्यांचा आग्रह, मी आधी बाळंतीण पाहावी असा माझा. खोलीची खिडकी बंद, शेगडी पेटलेली, धुराने डोळे झोंबत होते. सून कौसा तापाने फणफणलेली, जीभ चामड्यासारखी कोरडी. मला पाहून ती एकच शब्द बोलली, "पाणी."

इकडे पाचवीची पूजा होईपर्यंत बाळंतिणीला पाणी देत नाहीत. ओठ ओल्या फडक्याने पुसतात, बस.

मी समजावून सांगितले. अंगात पाणी कमी पडले की काय होते, ताप कसा वाढतो, दूध कसे आटते. दारात भावकीतल्या (नात्यागोत्यातल्या) बाया बसल्या होत्या, त्या कीर्तनाला बसाव्या तशा माना डोलावत होत्या.

"बराबर हाय बाई. बिलकुल बराबर," रखमाबाई म्हणाल्या.

मी पाणी उकळून निववले, तांब्या कौसाच्या उशाशी ठेवला आणि जेवायला गेले. भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी). परत येते तो तांब्या रिकामा. मला फार बरे वाटले. मग मोरी ओली दिसली, आणि कौसाची जीभ होती तशीच.

संध्याकाळी मी पुन्हा समजावले, अधिक विस्ताराने. पुन्हा सर्वांना पटले, आणि पुन्हा मोरीनेच पाणी प्यायले. आमच्या पुण्यात माणसाला पटले नाही तर तो वाद घालतो, पटले तरी घालतो. इथे कोणी वादच घालेना, त्यामुळे माझ्या पंधरावीस वर्षांच्या अनुभवाला काही धरायलाच सापडेना.

सकाळी ताप आणखी चढला. कौसा आता पाणीही मागत नव्हती. याची मला खरी भीती वाटली. मी रखमाबाईंना गोठ्यात एकटे गाठले आणि समजावणे बंद केले.

"सून जगवायची आहे की नाही?"

त्यांनी शेणाचे हात तसेच धरले. "थोरलीला म्याच पाजलं व्हतं पाणी. रडू रडू मागत व्हती, ऱ्हावलं न्हाई मला. गेली ती. सारी गल्ली म्हणली, सासूनं पाणी पाजून मारली. आजूक म्हणतेत."

"ती पाण्याने गेली नाही."

"मला कळत न्हाई व्हय? पण तुमी गाडीत बसून जाताल बाई. मला त्याच आडावर, त्याच बायांत पाणी भरायचंय."

आतापर्यंत मी हिला पाण्याचे फायदे सांगत होते.

"मग मी पाजते. दोष माझ्या माथी," मी म्हणाले.

"मंग सासू गप का बसली, म्हणतेन. मला भांडावं लागंल."

"भांडा."

"मोठ्यानं भांडावं लागंल."

"माझाही आवाज लहान नाही."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, बाजारात बैल पाहतात तसे. पसंत पडले असावे.

घटकाभरात गल्लीकडचे दार सताड उघडे होते आणि रखमाबाई गरजत होत्या. "ओ नर्सबाई! ठिवा तो तांब्या! आमच्यात चालत न्हाई!"

"मी पाजणारच!"

"माझ्या सुनंला हात लावू नका! कुठली पुण्याची भवानी आली!" असे ओरडत त्यांनी स्वतःच्या हाताने कौसाची मान उचलून धरली. मी पेला तोंडाला लावला. "हळू, ठसका लागंल," हे माझ्या कानात. आणि लगेच गल्लीसाठी, "मुडदा बसवला तुमच्या शिक्षणाचा!"

बाहेरून कोणी म्हणाले, "रखमे, जाऊ दे, पाव्हणी हाय."

"कशाची पाव्हणी! वैरीण हाय!"

दुसऱ्या पेल्याला कौसाला हसू फुटले आणि ठसका लागलाच.

त्यानंतर आम्ही दिवसातून कितीतरी वेळा भांडलो. हळूहळू रंग चढला. त्यांनी माझे पूर्वज काढले. मी त्यांच्या येसराला नावे ठेवली, त्यावर मात्र त्या खऱ्याच चिडल्या. ताप उतरला. पाचवीची पूजा झाली. मला बोलावले नाही, बोलावले असते तर सगळा डाव फुकट गेला असता.

निघताना गल्ली जमली होती. "पुन्यांदा हिकडं फिरकू नका," रखमाबाई दारातून म्हणाल्या. एक शब्द आभाराचा नाही. जगन्नाथराव बदनापूरपर्यंत माफी मागत राहिला. "माय तोंडाची फटकळ हाय बाई, मनाला लावून घेऊ नका." मी त्याला काही सांगितले नाही. पुरुषमाणूस. संध्याकाळपर्यंत चावडीवर बोलला असता.

पुण्यात माझ्याआधी माझी कीर्ती पोहोचली होती. "भांडलात म्हणे?" डॉक्टरांनी विचारले. मी हो म्हणाले.

आता निजामाच्याच मुलखातल्या आष्टीकडून बोलावणे आले आहे. या वेळी डॉक्टर आमच्यातल्या सर्वांत गोड बोलणाऱ्या मालतीबाईंना पाठवत आहेत. त्या सामान भरत असताना मी त्यांना म्हणाले, "आधी सासूला एकटीला गाठा. ती कोणाला भिते ते विचारा. मग दार उघडे टाकून भांडा."

"तुमचं आपलं काहीतरीच!" मालतीबाई हसल्या आणि त्यांनी पेटीत सर्वांत वर शरीररचनेचे रंगीत तक्ते ठेवले.

आष्टीकडची ती बाळंतीण कोण, मला ठाऊक नाही. तिला तहान लागेल, एवढे ठाऊक आहे.