खिम्यात काय ओळखणार

मी दिवसभर खोटी लेबलं शिवायचो, म्हणून माझा कुठल्याच पाटीवर विश्वास नव्हता. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका अरुंद जिन्याच्या वर जीनपँट शिवायचा कारखाना होता, तिथे मी मशीनवर बसायचो. कापड इथलं, शिलाई इथली, घामही इथलाच. फक्त कमरेमागचं चामड्याचं लेबल अमेरिकेचं. पहिल्या आठवड्यात मी शेठला विचारलं होतं की हे चालतं का. शेठ सिंधी, स्वभावाने भला. साईं, कपडा चांगला आहे ना, मग लेबलचं कशाला मनाला लावून घेतोस, असं हसून म्हणाला. मला ते पटलं नाही, पण नोकरीही सोडली नाही. तेव्हापासून बाजारात ‘शुद्ध तूप’ असं वाचलं तरी मी मनात म्हणायचो, हे लेबल कोणी शिवलं असेल?

दुपारी एकला सुट्टी व्हायची. सगळे ज्यांना नुसतं चाचा म्हणायचे, त्यांची हातगाडी गल्लीच्या तोंडाशी लागायची. मोठा तवा, त्यावर एका बाजूला खिम्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला चरबीवर परतलेले पाव, आणि मागे शोरब्याचं पातेलं. गाडीला पत्र्याची हिरवी पाटी होती. वर उर्दूत काहीतरी, खाली मराठीत ‘हलाल खिमा-पाव’. आमच्या कारखान्यात तीन पँटींमागे एक लेबल तिरकं बसायचं, तशीच ही पाटीही तिरकी होती, आणि तिच्याकडे बघितल्यावर माझा संशय जागा व्हायचा.

संशय कसला, ते उघड होतं. मटण इतकं स्वस्त कसं? आमच्याकडे अंबरनाथला रविवारी अर्धा किलो आणायचं म्हणजे आई शनिवारपासून विचार करायची. आणि हा माणूस रोज ढीगभर खिमा लावतो, ताटलीत कंजुषी करत नाही, वर लिंबाची फोड देतो. यात मोठ्याचं, म्हणजे गाईबैलाचं, मिसळलेलं असणार. हाडाचं मटण असेल तर निदान हाड बोलतं. खिम्यात काय ओळखणार?

तरी मी रोज तिथेच जेवायचो. डबा मीच नाकारला होता. थंड भाकरी मशीनवर बसून चावायची नाही, असं मी घरी ऐटीत सांगितलं होतं. घरच्यांचा समज असा की मी वडापाव खातो. चाचांचा खिमा इतका चांगला होता की पहिला घास गेला की संशय जरा वेळ गप्प बसायचा. ताटली संपली की परत उठायचा.

चाचांची एक सवय होती, तिचाही मला संशय यायचा. ताटली भरण्याआधी ते वार विचारायचे. कोण सोमवार करतो, कोण गुरुवार, कोणाचा शनिवार असतो, हे त्यांना गिऱ्हाइकांपेक्षा जास्त पाठ होतं. एकदा मी गेलो तर त्यांनी ताटलीच उचलली नाही. आज संकष्टी आहे भाऊ, उद्या या, म्हणाले. मी संकष्टी धरत नव्हतो. आई धरायची, आणि बोलता बोलता मीच त्यांना ते कधीतरी सांगितलं असणार. मी हट्ट केला, तर त्यांनी दोन पाव आणि कांदा दिला आणि तव्याकडे हातसुद्धा नेला नाही. दुसरा कोणी असता तर त्याला बरं वाटलं असतं. मी मात्र परतताना विचार करत होतो की आज माल कमी पडला असेल, म्हणून ही भक्ती सुचली.

अशी दोन वर्षं गेली. मग माझं लग्न निघालं. मुलगी कुळगावची, घरची भातशेती, माणसं साधी. स्थळ आणलं होतं आमच्याच कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी. ते मुलीचे मामा. सतत गळ्यात टेप, कानावर खडू, आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत भलते कडक. मांसमच्छी खायचे, पण घरची. बाहेरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. दुपारी टेबलाखाली डबा उघडून भिंतीकडे तोंड करून जेवायचे. आपल्या भाचीसाठी बघितलेला मुलगा दोन वर्षं चाचांच्या गाडीवर जेवतोय, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मी ते कळू देणार नव्हतो.

चाचांना मात्र मी सगळं सांगितलं होतं. लग्न ठरतंय, मामा आमचेच कटिंग मास्तर आहेत, माणूस कडक आहे, असं. खाताना माणूस बोलतो. चाचांनी त्या दिवशी ताटलीत जास्तीचा पाव टाकला. भिवंडीकडे त्यांची एक मुलगी दिली होती, तिच्या सासरच्या गमती त्यांनी सांगितल्या. मी ऐकत होतो आणि जास्तीचा पाव शिळा आहे का ते दाबून बघत होतो.

मग एका सोमवारी मास्तर कात्री चालवता चालवता म्हणाले, कोपऱ्यावरची ती गाडी इतकं स्वस्त मटण कसं देते, कोणास ठाऊक. मला वाटलं, आपण गप्प बसलो तर ह्यांना शंका येईल. खाई त्याला खवखवे. म्हणून मी मान वर न करता, फार अनुभवी माणसासारखं म्हणालो, “बड्याचं असणार. खिम्यात काय ओळखणार?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मास्तरांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. जावई हुशार आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो.

पण मग मलाच राहवेना. इतके दिवस संशय माझ्या पोटात होता, आता तो बाहेर फिरत होता, आणि तो खरा आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं. चाचा शुक्रवारी नमाजनंतर उशिरा गाडी लावायचे, म्हणून त्या दिवशी मी काम सुटल्यावर खायचो, आणि शोरब्यात हाडं असायची. त्या शुक्रवारी मी एक हाड चोखून, कागदात गुंडाळून, शर्टाच्या खिशात टाकलं आणि सायकल मारत अंबरनाथला आलो. खिशाला तेलाचा डाग पडला होता. आईने आधी डाग बघितला आणि मग हाड.

आईचं माहेर साताऱ्याकडचं. हाड तिने उजेडात धरलं, टोकावरून अंगठा फिरवला, वास घेतला. म्हणाली, हे मोठ्याचं नाही, बकऱ्याचंही नाही, शेळीचं आहे. म्हातारी शेळी, म्हणून स्वस्त. शिजवलंय मात्र मन लावून. मग तिने विचारलं की हे आणलंस कुठून. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी गाडीचं सांगितलं, पाटीचं सांगितलं, आणि वर पुस्ती जोडली की हलालबिलाल लिहिलंय, आपल्याला काय समजतं त्यातलं.

आईने हाड परत कागदावर ठेवलं. “अरे, गावाला जत्रेच्या बोकडावर मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय तुझा आजा मटणाला शिवत नव्हता. मुलाणी नाही आला, तर आख्खं गाव उपाशी बसायचं. ते काय वेगळं होतं?”

चोवीस वर्षांचा होईपर्यंत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी अंबरनाथला वाढलो, जत्रेला गेलो तर जेवायच्या वेळेला गेलो. बोकड कोण कापतो हे मी कधी विचारलं नव्हतं. ज्या गोष्टीवर मी दोन वर्षं नाक मुरडत होतो, तीच नसेल तर माझे आजोबा पानावरून उठले असते. मला हसू आलं, आणि लगेच सोमवारी बोललेलं वाक्य आठवलं.

शनिवारी मी मास्तरांना सांगू शकलो असतो. पण सांगायचं म्हणजे हाड कुठून आलं ते सांगावं लागलं असतं. मी मशीन जोरात चालवली. गाडीभोवतीची गर्दी तोपर्यंत निम्मी झाली होती. त्या वर्षी हवाही बरी नव्हती. भिंतींवर घोषणा होत्या, लोक एकमेकांकडे बघून आवाज खाली करायचे. अशा हवेत माझं वाक्य कॅम्प दोनमधून तीनपर्यंत पोचायला पाच दिवस पुरले. चाचांनी मला विचारलं की लोक का येत नाहीत, तुम्ही काही ऐकलं का. नाही ऐकलं, म्हणालो. त्यांनी गाडी धुतली, पाटीला नवा रंग दिला, भाव अजून थोडा कमी केला. भाव कमी केल्यावर तर लोकांची खात्रीच पटली.

पुढच्या बुधवारी मी एकला खाली उतरलो, तर गाडीभोवती दहा-बारा जण होते. गिऱ्हाईक एकही नाही. पुढे मास्तर, गळ्यात टेप तशीच. ते वाईट माणूस नव्हते, हात उगारणारे तर नव्हतेच. आपण चांगलं काम करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते विचारत होते की मटण कसलं. चाचा सांगत होते की शेळीचं आहे, कल्याणच्या दुकानातून आणतो, हवं तर दुकान दाखवतो, चिठ्ठी दाखवतो. आमच्याच कारखान्यातला एक जण म्हणाला की चिठ्ठ्या काय, छापून मिळतात. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, इथे कोण कोण जेवत होतं त्यांची नावं काढा, घरी जाऊन सांगू.

मी मागे फिरायला हवं होतं. पण चाचांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. अख्ख्या गल्लीत आपल्या बाजूने बोलेल असा एक माणूस सापडला, असं त्यांना वाटलं.

“ये भाऊ दो साल से रोज खाते हैं,” ते म्हणाले. “इनसे पूछो. ये झूठ नहीं बोलेंगे.”

सगळे वळले. मास्तर वळले. आईने अंगठा फिरवून केलेला निवाडा माझ्याजवळ होता. एक वाक्य पुरलं असतं. मास्तरांच्या शेजारी उभं राहून मी म्हणालो, “मी? मी इथं कधी खाल्लं?”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे, त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे. हेच ते मुलीचे मामा, हे त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता हा माणूस सगळं सांगणार. वार, संकष्टी, कुळगाव, सगळं. मी घाबरलो होतो, लाज नंतर वाटली.

“हां, गलती हो गई,” चाचा मास्तरांना म्हणाले. “ये नहीं हैं. इनके जैसा कोई दूसरा आता था. ये तो भले घर के हैं.”

मग त्यांनी तव्यावरचा खिमा पातेल्यात भरला, स्टोव्ह विझवला आणि गाडी वळवायला लागले. गाडी जड होती. दोघं-तिघं बाजूला सरकले, पण हात कोणी लावला नाही. मीही लावला नाही. त्या कोपऱ्यावर ती गाडी परत आली नाही.

माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मास्तर पंगतीत मला आग्रह करून वाढत होते. बायकोला मी हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की चाचांना तुझं नाव तरी माहीत होतं का. नव्हतं. मलाही त्यांचं माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्या प्रत्येक घासावर संशय घेतला. त्यांनी माझ्यावर एकदाच घेतला असता, तर त्या दुपारी माझ्याकडे बोट दाखवलं नसतं.