ताट परत येईपर्यंत

सव्वीस वर्षं तिने माणसांना जेवताना पाहिलं नाही. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमागे, मोरीच्या वर, भिंतीत एक वीतभर उंचीची खिडकी होती. तिच्यातून उष्टी ताटं आत सरकत. ढकलणारा हात तेवढा दिसे. तरी कोण भुकेलं होतं, कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही, आज बदली स्वयंपाकी आहे की नेहमीचा, हे तिला ताटावरून कळे. सगळे तिला ताटवाली म्हणत. निवृत्तीच्या दिवशी शाल दिली तीही कोणीतरी त्याच खिडकीतून आत सरकवली.

महिन्याभराने वस्तीच्या सभागृहात पाककलेची स्पर्धा होती. हॉटेलातला मोठा स्वयंपाकी पाहुणा परीक्षक म्हणून यायचा होता, तो तापाने पडला. वस्तीच्या सेक्रेटरींना ऐन वेळी ती आठवली. कॅन्टीनमधली म्हणजे स्वयंपाकीण, असा त्यांचा समज.

नणंद स्पर्धेत होती. तीन थरांची, वरून चीज आणि सुका मेवा पेरलेली बटाट्याची थाळी तिने दोन दिवस खपून केली होती. वाटेत म्हणाली, "वहिनी, तिथे घास घ्यायला तोंड उघड, बोलायला नको. आपली अब्रू आहे."

"ताई, तुमची तर थाळीभर आहे," ताटवाली म्हणाली.

मंचावर सेक्रेटरींनी माइक धरला. "सव्वीस वर्षं हजारो लोकांसाठी ज्यांनी रांधलं..."

"रांधलं नाही हो," ती मध्येच म्हणाली, "धुतलं."

सभागृह फिस्सकन हसलं. नणंदेने पदर तोंडावर घेतला. मुख्य परीक्षक डॉक्टर होते. त्यांनी हसू आवरून सहा पदार्थांचा एकेक चमचा चाखला आणि गुण मांडले. नणंदेची थाळी पहिली. सगळ्यात शेवटी वस्तीतला घड्याळजी. त्याने एका काळवंडलेल्या भांड्यात कांदा घालून मसूर शिजवून आणले होते, वर कोथिंबिरीचं पानही नाही. बायको गेल्यापासून तो हेच शिजवत असे.

"इथे सही करा," डॉक्टर म्हणाले. "फक्त रीत म्हणून."

तिने पेन हातात घेतलं. तिला कळलं, हीच ती खिडकी. हात तेवढा दाखवायचा आणि गप्प राहायचं.

"जेवणं होऊ द्या," ती म्हणाली. "ताटं परत आल्याशिवाय मी सही करत नाही."

"अहो, निकाल आधी, जेवण नंतर, अशी पद्धत आहे."

"पहिला चमचा सगळ्यांचाच गोड लागतो, डॉक्टरसाहेब. माणूस खरं बोलतो ते शेवटच्या घासाला."

लोकांना भूक लागली होती. "बरोबर बोलतायत बाई!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि पंगत बसली. प्रत्येक ताटात सहा वाट्या, प्रत्येक वाटीवर क्रमांक.

ती मागच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिली. ताटं येऊ लागली. नणंदेच्या वाटीतलं चीज खरवडून खाल्लेलं, खाली बटाटा तसाच. कित्येकांनी तो कागदी रुमालाखाली झाकला होता. आवडलं नाही की माणसं असंच लपवतात. तिने असे हजार रुमाल उचलले होते. मसुराची वाटी मात्र एकामागून एक कोरडी येत होती, पावाच्या तुकड्याने पुसलेली.

एक ताट तिने उचललं आणि तसंच मंचावर नेलं.

"हे कोणाचं?"

डॉक्टर पुढे वाकले. त्यांचाच चष्मा ताटाच्या कडेला विसरलेला होता. मसुराची वाटी आरशासारखी लख्ख.

"डॉक्टरसाहेब, कागदावर तुम्ही याला दहात तीन दिलेत. वाटीत किती दिलेत?"

डॉक्टरच हसू लागले, खांदे गदगदेपर्यंत. "दोनदा मागून घेतले," ते म्हणाले. त्यांनी स्वतः कागदावर काट मारून घड्याळजीला पहिला नंबर दिला आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिने सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. घड्याळजी उठलाच नाही; शेजाऱ्यांनी त्याला उभं केलं, टाळ्या थांबेनात.

नणंद जवळ आली. तिचे डोळे लाल होते. "वहिनी, खरं सांग. मीठ चुकलं?"

"मीठ नाही, ताई. थांबायचं कुठे, ते चुकलं. खालचा बटाटा चांगला होता. तिथपर्यंत कोणाला पोचूच दिलं नाहीत."

नणंदेने पदराने डोळे टिपले. म्हणाली, "पुढच्या वेळी आधी तुझ्या हातात ताट देते. मग जगाला."

जाताना ताटवालीची नजर मोरीकडे गेली. साठ ताटांचा ढीग होता आणि सेक्रेटरी बाह्या सारून नळाखाली उभे होते. तिचा हात सवयीने पुढे झाला, मग तिने तो शालीत घेतला.

"कडा घासा, कडा," दारातून ती म्हणाली. "मधे सगळेच घासतात."