ट्रेलर नसलेला रस्ता

माझ्या साडूइतका मन लावून रागावणारा माणूस मोशीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडणार नाही. तशी चिडणारी माणसं या कारखान्यांच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत. ती सिग्नलवर चिडतात, कॅन्टीनच्या वरणावर चिडतात आणि शिफ्ट सुटली की घरी जाऊन झोपतात. साडूचं तसं नाही. तो राग पाळतो, त्याला खायला घालतो, फिरवून आणतो. सकाळी उठल्यावर त्याला आधी चहा लागतो की राग, हे माझ्या मेहुणीला इतक्या वर्षांच्या संसारानंतरही नक्की सांगता येत नाही. "दाजी, ह्यांचा आवाज खाली आला ना, की मी आधी कपाळाला हात लावून बघते," ती मला एकदा म्हणाली. "हमखास ताप असतो."

तो मूळचा याच पट्ट्यातल्या निघोजे गावचा. मुलांच्या शाळेसाठी मोशीला राहायला आला. नोकरी महाळुंग्याच्या एका कारखान्यात, जिथे गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार होतात. तिथे तो क्वालिटीत आहे. म्हणजे तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापात आहे का ते बघायचं आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा: ओके, रिवर्क म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, किंवा रिजेक्ट. हे तीन शब्द कंपनीच्या गेटमधून त्याच्याबरोबर बाहेर आले ते परत गेले नाहीत. लग्नाच्या पंगतीत तो जिलेबी उजेडाकडे धरतो आणि "रिवर्क" म्हणून ताटात ठेवतो. माझ्या पुतणीला बघायला आलेला मुलगा जिना चढत असतानाच त्यानं रिजेक्ट केला होता. कारण विचारलं तर म्हणाला, "पाय घासत चालतोय. चपला जपत न्हाई, तो मानसं काय जपनार?" ते लग्न झालं नाही. त्यामुळे त्याचं म्हणणं खरं होतं की खोटं, हे आजवर कळलेलं नाही. तो मात्र ते सिद्ध झाल्यासारखाच वागतो.

तो कामावर सायकलनं जातो. त्याच्या हाताखालची पोरं मोटारसायकलवर येतात, गावाकडचे भाऊबंद काळ्या काचांच्या गाड्यांतून फिरतात आणि हा ट्रेलर, डंपर, कंटेनर यांच्या रांगेत पायडल मारत असतो. स्वस्त पडते म्हणून नाही, तब्येतीसाठी तर मुळीच नाही. त्याचं कारण मालकी हक्काचं आहे. "ह्यो रस्ता माझ्या शाळंचा हाय. आज्ज्याच्या सायकलीच्या दांडीखालनं पाय घालून मी ह्याच रस्त्यावर शिकलो. ट्रेलर मागनं आला. त्यानं कडंनं जावं." गळ्यात पंचाची असावी तशी शिट्टी, हँडलला स्कूटरचा आरसा आणि कॅरिअरला उजवीकडे आडवी बांधलेली वेताची काठी, काठीच्या टोकाला लाल फडकं. काठीच्या आत कुणी यायचं नाही, असा नियम त्यानं परस्पर लागू केला आहे. एकदा कुरुळीच्या फाट्यावर एक काळ्या काचेची गाडी आत आली आणि दरवाज्यावर लांब ओरखडा उमटला. काच खाली झाली, आतून दोन-तीन सणसणीत शिव्या आल्या, मग गॉगल वर झाला. "भावा, तू हायेस व्हय?" गाडीत त्याचा सख्खा चुलतभाऊ होता. साडू म्हणाला, "व्हय, मीच हाय. घरी येशील तवा चहा पाजीन. हितं मातूर काठीच्या भाइर राहा."

मी वर्तमानपत्रात काम करतो, ही त्याच्या दृष्टीनं मोठीच सोय झाली आहे. या रस्त्यावर सायकलवरून जाणारा कामगार अपघातात गेला की बातमी छापून येते त्या सकाळी साडूचा फोन येतो. नमस्कार वगैरे नसतो. "साडूभाऊ, 'सायकलस्वाराला धडक बसली' म्हंजी काय? धडक आपली आपण बसती का? दिली कुनी, ते लिवा की." मी सांगतो, तपास सुरू आहे. "आसं का? तपास सुरू, सायकल बंद." आणि फोन ठेवतो.

या माणसाचा राग एका ठिकाणी मात्र अडतो. त्याची थोरली मुलगी श्रावणी सात वर्षांची आहे आणि तिला सायकल येत नाही. सायकल आहे, हिरव्या रंगाची, पण ती पार्किंगमधून बाहेर पडलेली नाही. मागे दोन छोटी चाकं लावलेल्या सायकलवरून श्रावणी उभ्या गाड्यांमधल्या जागेत गोल फिरते आणि वॉचमन ओरडला की थांबते. सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकलं की पाण्याचे टँकर आणि सिमेंटचे मिक्सर. त्यात या पट्ट्याची रीत अशी की कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळेला रविवारी. बाप घरी असतो तेव्हा मुलगी वर्गात, मुलगी घरी असते तेव्हा बाप ब्रेकचे भाग रिजेक्ट करत. गुरुवारी सकाळी कॅरिअरवर बसवून तिला शाळेत सोडायचं, एवढीच बापलेकीची आठवड्यातली सायकल. "मी तिच्याएवढा हुतो तवा निघोज्यावरनं महाळुंग्याला दळण घेऊन जायचो," तो म्हणायचा. "आन् माझी पोरगी घाण्याच्या बैलागत पार्किंगात फिरती." यंदा दिवाळीत कंपनीचं शटडाऊन आणि शाळेची सुट्टी एकाच आठवड्यात आली. त्यानं जाहीर केलं की श्रावणी सायकल शिकणार, आणि शिकणार ती रस्त्यावरच.

रस्ता शोधण्याचं काम त्यानं क्वालिटीच्या शिस्तीनं केलं. महाबळेश्वर, दापोली, मालवण, सगळीकडच्या हॉटेलांना फोन करून तो एकच प्रश्न विचारी: दारावरून दिवसाला ट्रेलर किती जातात? एकानं विचारलं, साहेब, तुम्ही आरटीओमधून बोलताय का? शेवटी अंदमानातल्या एका छोट्या बेटावर फोन लागला. पलीकडचा माणूस जरा थांबून म्हणाला, "सर, ट्रेलर मतलब?" साडूनं फोन खाली ठेवला आणि मेहुणीला सांगितलं, "ठरलं. त्यास्नी ट्रेलरच ठाव न्हाई." नवऱ्याला इतक्या वर्षांनी समुद्र दाखवावासा वाटला, या समजुतीनं तिनं बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन केला. अशा रीतीनं दोन्ही कुटुंबं निघाली.

श्रावणीची सायकल सुटी करून खोक्यात भरलेली होती. तिचा प्रत्येक भाग गुंडाळलेला आणि वर कंपनीत लावतात तशी पट्टी आवळलेली. विमानतळावर तपासणीवाल्यांनी खोकं उघडायला सांगितल्यावर त्यानं विचारलं, "परत आसंच बांधून देशीला का?" त्यांनी ते उघडलं आणि परत तसं बांधता आलं नाही. विमान सुटेपर्यंत तो त्यांना पट्टी कशी आवळायची ते शिकवत होता, ओरडून.

बेट सुंदर होतं. साडूनं ते रिवर्कला टाकलं. वाळू चेनीत जाते, खारं वारं नट गंजवतं, समुद्राचा आवाज मागून गाडी आल्यासारखा येतो. चार वर्षांच्या धाकट्यानं शंखातला एक खेकडा पकडून बापानं घरून आणलेल्या सायकलच्या हेल्मेटमध्ये ठेवला. हेल्मेट घातल्यावर काय झालं ते किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. साडू स्वतःसाठी भाड्यानं सायकल घ्यायला गेला तर दुकानातल्या एकाही सायकलीचा ब्रेक त्याला पसंत पडेना. तो दुकानदाराला मराठीमिश्रित हिंदीत अद्वातद्वा बोलला, "पोरं बैठती इसपे, पोरं! जरा तो लाज धरो," आणि मग तिथेच बसकण मारून जेवणाच्या वेळेपर्यंत दुकानातल्या झाडून सगळ्या सायकलींचे ब्रेक त्यानं नीट करून दिले. तोंडानं शिव्या चालूच होत्या. दुकानदारानं त्याला शहाळी दिली. त्या दुकानदाराला वाटलं, हे कुणी मोठे साहेब असावेत.

दुसऱ्या दिवशीपासून, मागची छोटी चाकं काढून, शिकवणी सुरू झाली. बेटाचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सुपारीची झाडं, आणि रिकामा. इतका रिकामा रस्ता श्रावणीनं आयुष्यात पाहिलेला नव्हता. ती सारखी विचारत होती, "पप्पा, आज बंद आहे का?" मेहुणी किनाऱ्यावरून ओरडायची, "अहो, समुद्र बघायला आलोय की डांबर?" साडू मागचं सीट धरून धावायचा आणि खेकसायचा: पुढं बघ, हँडल सोड, हँडल धर, म्हंजी धर पन आवळू नको. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सीट सोडलं आणि मुलगी निघाली. सरळ, डुगडुगत, पण सरळ. तो मध्येच थांबला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग नसताना चेहऱ्याचं काय करायचं असतं हे त्याला माहीत नसावं. तो थोडासा मूर्ख दिसत होता. मला तो फार आवडला.

तेवढ्यात मागून स्कूटर आली. वर एक म्हातारे गृहस्थ, पायाशी मासळीची बादली. वेग सायकलीएवढाच. मुलगी पुढे आहे हे बघून त्यांनी एकदाच, हळू, हॉर्न वाजवला. श्रावणीनं ब्रेक दाबला, खाली उतरली, सायकल ओढत डांबराखाली गवतात नेली, रस्त्याकडे पाठ केली, डोळे गच्च मिटले आणि श्वास रोखून उभी राहिली.

म्हातारे थांबले. घाबरले होते. "क्या हुआ बेटी, गिर गई क्या?"

डोळे न उघडता तिनं विचारलं, "गाडी गई क्या?"

त्यांना काही समजेना. ते म्हणाले, "अरे, पूरा रोड तुम्हारा है. चलो ना."

साडू धावत पोचला होता. तो मुलीवर ओरडला, "ही कुटली पद्धत? कुनी शिकवलं हे तुला?"

ती डोळे उघडून सरळ म्हणाली, "तुम्हीच. गुरुवारी. हॉर्न आला की उतर, डोळे मिट, श्वास धर."

शिट्टी आणि काठीवाला हा माणूस, मुलगी कॅरिअरवर असली की ट्रेलरच्या हॉर्नसरशी कडेच्या धुळीत उतरत होता, दर गुरुवारी. आणि उतरताना तिला जे सांगत होता तेच तिनं सायकल चालवण्याचा नियम म्हणून पाठ केलं होतं. ते म्हातारे मासळी घेऊन निघून गेले. साडू सुपारीच्या झाडाखाली बसला, चप्पल काढून त्यातली वाळू झटकली, झटकून झाल्यावरही झटकत राहिला. मग उठला आणि पूर्वीच्याच आवाजात गरजला, "बस! आता मधनं चालवायची. मधनं!"

उरलेले दिवस त्यानं तेवढंच शिकवलं. ती पुढे, तो भाड्याच्या सायकलीवर मागे, तोंडानं ट्रेलरचे हॉर्न काढत. ती दचकून उतरायची, तो तिला परत चढवायचा. धाकटाही बापाच्या मागे बसून हॉर्न वाजवायला लागला. दुकानदाराला हे बघून काय वाटलं असेल, देव जाणे. शेवटच्या दिवशी साडूनं पार कानाशी जाऊन भोंगा काढला, तरी श्रावणी उतरली नाही. मान वळवून म्हणाली, "बाजूनं जा की!" अगदी बापाच्या सुरात. "ओके," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी त्याला खोकं भरायला मदत करायला गेलो. खोकं रिकामंच होतं. हिरवी सायकल त्यानं दुकानदाराकडे नेऊन ठेवली होती, कुलूप लावून, चेनीला ग्रीस लावून. "हितंच राहू दे," मला म्हणाला. "तिकडं नेली तर हिला पुन्हा उतरायला शिकवावं लागंल. न्हाई शिकवलं तर..." मला त्या वाक्याचा शेवट माहीत होता, मी तो अनेकदा छापला आहे. मेहुणी मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी ती तिला बारकी होईल." तो खोक्याची घडी घालत म्हणाला, "धाकट्याला व्हईल."

परवाच्या गुरुवारी ते मला मोशीच्या चौकाअलीकडे दिसले. श्रावणी कॅरिअरवर, दप्तराच्या चेनला हिरव्या सायकलच्या कुलपाची किल्ली लटकवलेली. मागून कंटेनरनं हॉर्न दिला, लांबलचक, सरकन बाजूला व्हा असा. साडू उतरला, सायकल कडेच्या मातीत घेतली आणि सवयीनं तिच्या डोळ्यांवर हात धरला. तिनं तो बाजूला केला. कंटेनर पूर्ण जाईपर्यंत ती डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होती, धूळ खात, भुवया आवळून.

धूळ बसल्यावर तो म्हणाला, "बस, पोरी. शाळंला उशीर हुतोय."

आवाज अगदी खाली आला होता. मेहुणी तिथे असती तर तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं असतं.