नानांनी न घेतलेली लाल गाडी

नाना गेले त्या सकाळी मी त्यांच्या गाडीला धडक मारली. जळगावात मेहरूणच्या त्यांच्या घरासमोर माणसं जमली होती, ओसरीवर वहिनींच्या भोवती बायका बसल्या होत्या, आणि मी धुळ्याहून दीड तास स्टिअरिंग आवळून आलेला. गल्लीत गाडी लावायला मागे घेतली आणि दारात उभ्या असलेल्या नानांच्या सेडानवर नेऊन आदळवली. माझा मागचा दिवा फुटला, त्यांचा बंपर दबला. आतलं रडणं क्षणभर थांबलं. सगळे वळून बघायला लागले. तेव्हा मी, पंचावन्न वर्षांचा शहाणा माणूस, खिडकीतून डोकं बाहेर काढून सवयीनं ओरडलो, "नाना, जरा बघा हो, किती लागलंय ते!"

शेजारच्या सीटवर माझी बायको सुनंदा होती. नाना तिचे सख्खे थोरले भाऊ. ती दार उघडून उतरली आणि आत गेली. मी तसाच बसून राहिलो... नाना असते तर लुंगीवरच बाहेर आले असते, बंपरवरून एकदा हात फिरवला असता आणि म्हणाले असते, "लागू द्या पाव्हणं. तुमनीच गाडी शे."

तुमचीच गाडी आहे, हे वाक्य ते आठ वर्षं म्हणत होते. मला तो विनोद वाटायचा.

नाना मूळचे पारोळ्याकडचे, राहायला जळगावात आणि कामाला सावद्यात. तिथे त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. केळीच्या बागायतीत मोटार बंद पडली की शेतकरी आधी नानांना फोन करायचा आणि नाना म्हणायचे, "चालू करा आन फोन तिच्याजवळ धरा." ऐकून सांगायचे, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग जळतंय. यंत्राचा आवाज त्यांना गवयाला सूर कळावा तसा कळायचा. सुनंदा सांगते, लहानपणी गावात एसटी शिरायच्या आत नाना आवाजावरून सांगायचे, आज कोणता ड्रायव्हर आहे. अशा माणसानं पन्नाशीपर्यंत मोटरसायकलवर जळगाव-सावदा केलं. घर बांधलं, बहिणींची लग्नं केली, मुलीला शिकवलं, आणि मग एके दिवशी, पन्नाशी गाठल्यावर, घरात लाजत लाजत सांगितलं, की मला गाडी घ्यायची आहे. लाल. आखूड, बसकी, टर्बो इंजिनची. पेपरात तिचं चित्र आलं होतं, ते कापून त्यांनी वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवलं होतं.

आता आमच्याकडे पद्धत अशी, की घरात मोठी वस्तू यायची तर ती सगळ्यांनी मिळून पसंत करायची. मुलगी बघायला जावं तसे आम्ही अकरा जण शोरूमला गेलो. सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत; नानांचे चुलतभाऊ बापू; दोन्ही बहिणी, जावई, मुलं. आणि जाणकार म्हणून मी. मला गाडीतलं काय कळतं? धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क. परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे तक्ते करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, एवढीच माझी कीर्ती. पण रविवारच्या पुरवणीतलं गाड्यांचं पान मी वाचतो आणि वाचलेलं लग्नाच्या पंगतीत बोलून दाखवतो. तेवढ्यावर खान्देशात माणूस तज्ज्ञ होतो.

आधी नाना लाल गाडी चालवून बघणार होते. मी शेजारी, सेल्समन मागे. नानांनी गाडी सुरू केली, पण हलवली नाही. काच खाली केली, रेडिओ बंद करायला सांगितला आणि डोळे मिटून इंजिन ऐकत बसले. सेल्समन मला खुणेनं विचारतोय, काय झालं? मग पाळधीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी पाय दाबला... माझी पाठ सीटला चिकटली, मी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि हनुमानाचं नाव घेतलं. नाना हसत होते. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान मूल झोक्यावर हसतं तसं. तोवर पंचवीस वर्षं मी त्या माणसाला ओळखत होतो, तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी स्टिअरिंग रुमालानं पुसलं आणि किल्ली दोन्ही हातांनी सेल्समनला परत दिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. हेच तर सांगतोय.

तरी मी खिशातून तक्ता काढला. आदल्या रात्री फूटपट्टीनं आखून केलेला. एका बाजूला लाल गाडी, दुसऱ्या बाजूला चांदीच्या रंगाची सेडान. ॲव्हरेज, डिक्की, मागची जागा, सर्व्हिस. आणि खाली, माझा हातखंडा, बैठकव्यवस्था: पुढे अक्का, मागे वहिनी, सुनंदा, पोरं, लग्नसराईत नवरदेव, दवाखान्याच्या वेळी पेशंट आडवा. नानांच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'चालक'. सगळ्यांना तक्ता फार आवडला. तरी नाना म्हणाले, "एकदा अक्काला त्या लालमध्ये बसवून पाहू." अक्का मागच्या सीटवर बसल्या. बसल्या म्हणजे त्यात पडल्या. गुडघे हनुवटीला लागले. बाहेर येता येईना. बापूंनी एक हात ओढला, मी दुसरा, आणि अक्का आतून ओरडतायत, "अरे, माले काय इहीरमधून काढी राह्यनात का रे?" अख्खा शोरूम हसला. मी तर सगळ्यात जास्त हसलो आणि वर म्हणालो, "नाना, ही गाडी घ्या, पण सोबत एक क्रेन घ्या." नानाही हसले. मग म्हणाले, "बरोबर शे. ती चांदीनीच घ्या."

लाल गाडी तिथेच निकालात निघाली, आणि निकाल लावणारा मी होतो. पण खरं कारण आज इथे लिहून टाकतो, नाहीतर ते मला आणखी आठ वर्षं चावेल. त्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या मुलीचं लग्न होतं. धुळ्यात नवरदेवासाठी ऐसपैस गाडी मला हवी होती. तक्त्यात 'नवरदेव' हा शब्द मी लिहिला तो कोणाच्या नवरदेवासाठी, हे मला आखतानाच माहीत होतं.

पुढची आठ वर्षं ती गाडी आमच्या सगळ्यांच्या कामाला जुंपलेली राहिली. माझा जावई तिच्यातून मिरवला. बापूंचा मोतीबिंदू, अक्कांचा दवाखाना, भाच्याचं ॲडमिशन, कुणाच्या डोहाळेजेवणाच्या साड्या, कुणाच्या शेतातले केळीचे घड. फोन यायचा तो असा: "नाना, गाडी मोकळी आहे का?" माणूस मोकळा आहे का, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. नाना साठनं चालवायचे, कारण मागे कोणी ना कोणी असायचं आणि ते म्हणायचं, हळू. दर भाऊबीजेला ते सुनंदाला जळगावाहून धुळ्याला सोडायला यायचे, मी आदल्या दिवशी पुढे निघून आलेला असायचो. ती उतरायची तेव्हा तिचे केस पिंजारलेले असायचे. मी म्हणायचो, "अहो नाना, एसी आहे, काचा कशाला उघड्या ठेवता? ॲव्हरेज पडतं. किती दिलं या वेळी?" नाना चहाच्या कपात बघत म्हणायचे, "तुम्ही तक्त्यात लिहिलं तेवढंच, पाव्हणं."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा विचारलं होतं. सावद्याजवळ केळीच्या बागेत भरिताची पार्टी होती. वांगी भाजली जात होती, आम्ही दोघं धुरापासून लांब बांधावर बसलेलो. अक्का जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती. नाना हळूच म्हणाले, "पाव्हणं, आता मागं बसाले कोणी नाही. ती लाल घेऊ का?"

मी काय म्हणालो असेन? हो म्हणायला काय गेलं असतं माझं? पण मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, "आता या वयात? कंबर धरेल. आणि उद्या पोरीचं लग्न ठरलं तर व्याह्यांना कुठे बसवणार, टपावर?" नाना मान हलवून म्हणाले, "बरोबर शे..." आणि माझ्या पानात आणखी भरीत वाढलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी, सकाळी सावद्याला निघताना, बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत.

गेले महिनाभर मी लोकांकडून एकच शब्द ऐकतोय: समजूतदार. फार समजूतदार माणूस. कधी कुणाला नाही म्हटलं नाही. हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात सणक जाते. ज्याला आपण काही मिळू दिलं नाही त्याला समजूतदार म्हणायचं, हार घालायचा आणि मोकळं व्हायचं. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी जेवणं उरकली, माणसं पांगली, घरचे तेवढे ओसरीवर बसलो होतो. बापू सुपारी कातरत म्हणाले, "नानानी गाडी म्हणजे बठ्ठासनी गाडी व्हती. आता तिनं काय करानं?" सगळ्यांच्या गाडीत त्यांचा धाकटाही आला, त्याला कॉलेजला लांब पडतं, हेही त्यांनी सुपारीसोबत सांगितलं. आणि मी फुटलो. मेलेल्या माणसाच्या दारात ओरडू नये, एवढी अक्कल मला आहे. तरी ओरडलो. म्हणालो, "आठ वर्षं तुम्ही त्यांना ड्रायव्हर केलंत! एकदा तरी कोणी विचारलं का, नाना, तुम्हाला कुठे जायचंय? त्यांच्या भिंतीवर अजून ते लाल चित्र आहे, जाऊन बघा. एकाला तरी लाज आहे का?"

बापू शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, गाडी ते तुम्हीच पसंत करेल व्हती ना?"

मी आणखी मोठ्यानं ओरडलो. काय ते आठवत नाही. एवढं आठवतं, की शेवटी मी नानांच्या फोटोवरच घसरलो. "आणि तुम्ही! तुम्ही एकदा तरी भांडायचं होतं माझ्याशी! अकरा जणांना तोंडावर सांगायचं होतं, की गाडी माझी आहे, खड्ड्यात जा! बरोबर शे, बरोबर शे... काय बरोबर होतं?"

वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात किल्ली होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भाऊजी, गाडी तुम्ही घेऊन जा. मला चालवता येत नाही. आणि दारात उभी दिसली की वाटतं, हे घरी आले." बापूंनी सुपारीचा डबा बंद केला.

त्या दिवशी आम्ही एसटीनं आलो होतो, माझी गाडी फुटलेल्या दिव्यासाठी गॅरेजात होती. म्हणून लगेचच निघालो. सीटवर बसलो तर पाय क्लचला पोहोचेना. नाना सहा फूट, मी बैठकव्यवस्थेत पहिल्या बाकावर बसवायच्या उंचीचा. सीट पुढे ओढायचा खटका हाताला लागला, पण ओढवेना. त्यांच्या पाठीनं पाडलेला खळगा तिथे होता. शेवटी सुनंदानं घरातून उशी आणली, ती पाठीमागे घातली आणि मी नवशिक्यासारखा पुढे झुकून निघालो. वाटेत पोलिसांनी अडवलं तर कागद लागतील म्हणून तिनं डॅशबोर्डचा कप्पा उघडला. गाडीच्या कागदांच्या वर, प्लास्टिकच्या पाकिटात, चार घड्या घातलेला माझा तक्ता होता. फूटपट्टीच्या रेघा, माझं वळणदार अक्षर. 'चालक' या शब्दावर कधीतरी ग्रीसचा अंगठा उमटला होता.

मी एरंडोलपर्यंत बडबडत होतो. बापूंवर, माझ्या व्याह्यांवर, शोरूमवर, स्वतःवर. पारोळा सुटल्यावर दम संपला. गाडी साठच्या वर जात नव्हती, म्हणजे मी नेत नव्हतो. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जात होते. सुनंदानं तक्ता घडी करून पुन्हा पाकिटात ठेवला, एसी बंद केला आणि आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. वाऱ्यानं तिचे केस उडायला लागले.

"इथपासून नाना सुटायचा," ती म्हणाली. "दर भाऊबीजेला. आधी मला विचारायचा, 'मांगे कोणी शे का?' मी म्हणायचे, नाही. मग म्हणायचा, 'घट्ट धर,' आणि हीच गाडी अशी पळवायचा, की मुकटी गाव कधी गेलं ते कळायचं नाही. हसायचा वेड्यासारखा. आणि देवपूरचा पूल आला की साठवर आणून मला बजावायचा, 'पाव्हणासले सांगू नको हां. त्यासले वाटेल, तक्ता चुकना.'"