एका आईकडून

मला चौकशीची भारी खोड. भाजीवालीच्या सुनेला कितवा महिना, चर्चच्या पाळकसाहेबांची बदली कुठं होणार, हे विचारल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पण गेल्या वर्षी परदेशातून लेकीचा, सुचिताचा, फोन आला की "मम्मी, मी मार्थाशी लग्न केलं," तेव्हा तोंडून एक प्रश्न निघाला नाही. कुकरची शिट्टी झाली असं सांगून मी फोन ठेवला.

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या चिठ्ठ्या वाचायचं काम बारा वर्षं माझ्याकडं होतं. कुणाला नातू होतो, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडतं, ते चिठ्ठी लिहून पेटीत टाकतात. रविवारी ती मोठ्यानं वाचली की मंडळी "आमेन" म्हणते. पुढच्या फोनला सुचिता म्हणाली, "दादाच्या लग्नाची चिठ्ठी तू वाचली होतीस. माझी वाचशील?" मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मग तीन आठवडे तिचा फोनच आला नाही. लेक हातची जाते की काय, या भीतीनं जीव नुसता टांगणीला लागला.

नेमकी त्याच दिवसांत चर्चमध्ये या विषयावर चर्चा ठेवली होती. बाईनं बाईशी, पुरुषानं पुरुषाशी लग्न करावं का? एक वडीलधारे म्हणाले, "लिहिलंय ते लिहिलंय. बदलणारे आपण कोण?" एका नर्सनं विचारलं, "मग अशी माणसं आपल्यात आली तर बसवायची कुठं?" तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेलं. सगळ्या गावाला प्रश्न विचारणारी मी त्या दिवशी बिस्किट चहात बुडवत बसले. घरी येऊन मात्र रडले. म्हणाले, प्रभू, वचनंही मला पाठ आहेत आणि लेकही माझीच आहे, आता तूच बघ.

रविवारी सकाळी ओट्यावरच चिठ्ठी लिहिली: "सुचिता आणि मार्था यांच्या लग्नाबद्दल, एका आईकडून आभार." वाचताना मात्र नावं गाळायची, नुसतं "लेकीच्या लग्नाबद्दल" म्हणायचं, असं ठरवलं. माझी हिंमत तेवढीच होती.

वाचायला उभी राहिले, पर्स उघडली, तर चष्मा घरी ओट्यावर. पहिल्या बाकावर वैजापूरकडचे एक म्हातारे पाहुणे बसले होते, दवाखान्यात दाखवायला आलेले. ते उठले आणि माझ्या हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेत म्हणाले, "द्या बाई इकडं. आमच्या गावच्या मंडळीतबी मीच वाचतो." मी त्यातली माझी चिठ्ठी काढून घ्यायला हात पुढं केला, तोवर त्यांनी वाचायला सुरुवातही केली होती. नातू झाला, आमेन. नोकरी लागली, आमेन. मग त्याच खणखणीत आवाजात सुचिता आणि मार्था. सवयीनं अर्धी मंडळी "आमेन" म्हणून गेली आणि मग एकमेकांकडं बघू लागली.

मागून कुणीतरी विचारलं, "ही कुणाची चिठ्ठी?"

मी म्हणाले, "माझी. सुचिता माझी लेक आहे."

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि पुढची चिठ्ठी घेतली. कुणाचा तरी गुडघा बरा झाला होता. त्यालाही आमेन मिळालं, जरा उशिरानं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. विचारलं, "बाबा, ती नावं वाचताना तुम्हाला काही वाटलं नाही?" म्हणाले, "आभारच व्हते ना बाई? मग अडायचं कशाला?" त्यांना बस गाठायची होती. नाव विचारायचं राहूनच गेलं, माझ्यासारखीकडून.

आता चिठ्ठ्या दुसरं कुणी वाचतं. काहीजण माझ्याशी बोलत नाहीत, नर्स मात्र दर रविवारी शेजारी येऊन बसते. चर्चेचा निकाल अजून लागलेला नाही आणि तो लावणारी मी नाही. एवढंच कळलं, की जे माझ्याच्यानं होत नव्हतं ते प्रभूनं माझ्या हातून काढून घेतलं आणि करून टाकलं. त्याचे आभार मानते.

त्या दिवशी घरी येऊन आधी चष्मा शोधला आणि सुचिताला फोन लावला. विचारलं, "मार्थाला तिखट चालतं का गं?"

ती रडत रडत म्हणाली, "नाही मम्मी, अजिबात नाही. अजून विचार ना."