मंद्रूपच्या माळावरची लाल रेघ

आमच्या घरात आजोबांपासून नकाशे काढायचं काम. सोलापूर शहराला लागून जुळे सोलापूर वसत होतं तेव्हाचे कित्येक प्लॉटांचे नकाशे अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रेसिंगच्या कापडावर हातानं काढलेले. पुढं संगणक आला, तो त्यांनी पन्नाशी उलटल्यावर शिकून घेतला. पण मी ड्रोन आणला तेव्हा ते अडून बसले. "जमिनीवर पाय न ठेवता जमीन मोजायची?" एवढंच म्हणाले आणि माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. गिऱ्हाईक मात्र आता ड्रोन आहे का, हे विचारूनच दुकानाची पायरी चढत होतं.

त्यातच रस्त्याची कामं करणाऱ्या एका कंपनीनं मंद्रूप गावाच्या पुढच्या एका पट्ट्याचं काम दिलं. नवा रस्ता कुठून जाणार ती रेघ त्यांनी संगणकावर आखूनच पाठवली होती. आम्ही वरून फोटो घेऊन नकाशा करायचा. अट एकच, रेघ कुणाला दाखवायची नाही. निघताना अप्पा न बोलावता जीपमध्ये येऊन बसले.

ड्रोन वर गेला आणि त्याच्या घरघरीनं बाभळींपलीकडं चरणारी मेंढरं उधळली. थेट कुणाच्या तरी उभ्या शाळूत घुसली. मागून मेंढरं राखणारी एक म्हातारी काठी उगारत, ओरडत आली. तिच्यामागं शाळूचा मालक. मी ड्रोन खाली उतरवेपर्यंत माणसं जमली होती. मालकानं ड्रोन उचलून छातीशी धरला.

"कुनी धाडलं तुमाला?"

"आम्ही नुसते फोटो काढतोय."

"उगंच कोन फोटू काढतंय? रस्ता येनार म्हनत्यात, त्येचंच हाय की न्हाय हे?"

मी ड्रोन परत मागायला पुढं झाले. कुणीतरी जीपची किल्ली काढून घेतली. मी कंपनीच्या साहेबांना फोन लावला. "काही सांगू नका, मी पोलीस पाठवतो," म्हणाले आणि फोन ठेवला. पोलीस हा शब्द जवळच्यांनी ऐकला. पाठीमागून एक दगड येऊन जीपच्या पत्र्यावर आपटला.

तेव्हा अप्पा खाली उतरले. "यंत्र माझं आहे," ते म्हणाले. "ही माझी मुलगी. आधी मेंढरं बाहेर काढू, पीक तुडवतायत. मग विचाराल ते सांगतो." आणि उत्तराची वाट न बघता धोतराचा सोगा खोचून शाळूत शिरले. मग एकेक करून सगळे त्यांच्यामागं गेले.

मेंढरं गोळा झाल्यावर सगळे लिंबाखाली बसले. मी लॅपटॉप उघडला. वरून दिसणारी आपली रानं बघायला माणसं एकमेकांवर रेलली.

"माजं घर कुटं हाय?" म्हातारीनं विचारलं. मी दाखवलं. ती हसली, मग एकदम थांबली. "आनि रस्ता कुटनं?"

माझं बोट माउसवर तसंच राहिलं. दाखवलं तर हे काम गेलंच, आणि असली कामं देणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मी अप्पांकडं बघितलं.

"दाखव," ते म्हणाले.

"अप्पा, अट आहे आपल्याला."

"जमीन त्यांची आहे. त्यांच्यापासूनच लपवायचा असेल तर हा नकाशा आपण घ्यायलाच नको होता."

मी बटण दाबलं. लाल रेघ उमटली. म्हातारीच्या घराचा कोपरा कापून ती शाळूवाल्याच्या विहिरीवरनं सरळ पुढं गेली होती. आता शाळूवाला ड्रोन आपटणार, असं मला वाटलं. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

"ही हीर माज्या बानं खांदली," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "ही रेघ तुमी वढली?"

"नाही. आम्हाला तशीच दिली."

"मंग कागदावर काडून द्या."

छापायला तिथं काही नव्हतं. अप्पांनी जीपमधला कागद बॉनेटवर पसरला आणि पडद्याकडं बघत बघत तो पट्टा हातानं उतरवला. बांध, घरं, विहीर, रेघ, सगळं. खाली स्वतःची सही केली. त्या सहीची मला दगडापेक्षा जास्त भीती वाटली. शाळूवाल्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि ड्रोन माझ्या हातात दिला, लेकरू द्यावं तसा. किल्लीही मिळाली. पोलीस पोचायच्या आत आम्ही निघालो होतो.

दुसऱ्याच दिवशी रेघ दाखवल्याचं कंपनीच्या कानावर गेलं आणि त्यांनी काम काढून घेतलं. "तुम्हाला धंदा करायचा नाही दिसतं," साहेब म्हणाले. आणखी दोन ठिकाणांहून येणारे फोन बंद झाले. त्या महिन्यात मी अप्पांवर खूप चिडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण चुकलं असं एकदाही म्हणाले नाहीत.

गावानं हरकती घेतल्या. वर्ष उलटून गेल्यावर रेघ थोडी सरकली. म्हातारीचं घर वाचलं, विहीर वाचली नाही. हे सांगायला शाळूवाला स्वतः दुकानात आला.

"भरपाईसाटी सरकारी मोजनी यायच्या आदी आमचं रान आमाला मोजून द्या," चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला.

मी आणि अप्पा गेलो. त्यानं विहिरीतली मोटर आधीच काढून घेतली होती. कठड्यापाशी उभं राहून त्यानं आत एकदा डोकावून बघितलं, मग बाजूला झाला आणि म्हणाला, "हितनं सुरू करा."