हजेरी वापीला, दावा ठाण्याला

"सावंतांचं नाव यातून काढा," कंपनीचा वकील उभा राहून म्हणाला. "हे ठाण्याच्या कोर्टात बसतच नाहीत."

ऐंशीच्या दशकाचा शेवट. कोलशेतच्या एका कारखान्यातल्या कामगारांचा थकलेल्या ओव्हरटाइमचा दावा मी ठाण्याच्या लेबर कोर्टात चालवत होते. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज. सावंत त्यातले मेकॅनिक. घर डोंबिवलीला, पण बदली गुजरातमध्ये, वापीच्या युनिटला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पाठवायला हाच बरा, असं मॅनेजरने परस्पर ठरवलेलं.

आता कायदा असा, की जिथे काम करता, पगार घेता, त्या राज्यातलंच कोर्ट मजुरीचा दावा ऐकतं. पण सावंतांची हजेरी अजून कोलशेतलाच लागते, वापीला ते नुसते पाहुणे, असं युनियनने मला छातीठोक सांगितलेलं. तेवढ्यावर मी त्यांना अर्जात धरून ठेवलं होतं.

"हजेरी यांनीच सांगून वापीला लावून घेतली," वकील म्हणाला. "विचारा त्यांना."

सावंतांनी होकारार्थी मान हलवली.

बाहेर व्हरांड्यात मी भडकले. "अहो, कोणी सांगितलेलं तुम्हाला हजेरी हलवायला?"

"कोणी नाही, मॅडम. तिथे सकाळी सुपरवायझर एकेकाचं नाव पुकारायचा. माझं यायचंच नाही. मी आलो काय, नाही आलो काय, कोणाला पत्ता नसायचा. म्हटलं, निदान नाव तरी घेऊ देत."

मी फाईल उचलून परत आत गेले.

जज्जांनी त्यांचं नाव वगळलं. बाकीच्यांची पुढे तडजोड झाली, गेटवर पेढे वाटले गेले. सावंतांना तिकडे गुजरातच्या कोर्टात नव्याने, एकट्याने दावा लावावा लागला. तिथल्या ओळखीच्या एका वकिलाच्या नावे मी चिठ्ठी दिली, एवढंच.

बऱ्याच काळाने ते माझ्या ऑफिसात येऊन उभे.

"जिंकलो, मॅडम."

"अरे वा! पण एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला आलात? फोन करायचात."

"कोर्टाबाहेर आलो, तर सांगायला कोणीच नव्हतं. वकीलसाहेब दुसऱ्या केसला पळालेले. मग सरळ गाडीच पकडली."

मला फार वाईट वाटलं. चहा मागवला आणि त्यांना सगळी केस पहिल्यापासून सांगायला लावली.

हल्ली ज्युनियर वकिलांना मी सांगते, हजेरी कुठल्या राज्यात लागते ते आधी विचारा. युनियनला नाही, त्या माणसालाच. आणि तिकडे करमतं का, हेही विचारून घ्या. केस त्यावरही फिरते.